आधी जेवण, की जेवणाआधी?

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक आजी येत असत. वय साठीच्या पुढचे, पण अक्षर मोठे वळणदार. त्यांना पित्ताचा त्रास होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे इंग्रजीत दोन शब्द होते. आजींनी नातवाला विचारले, "बाळा, काय लिहिलंय रे?" नातू सातवीत. त्याने वाचून दाखवले, 'बिफोर फूड.'

"म्हणजे काय?"

"बिफोर म्हणजे आधी. फूड म्हणजे जेवण. आधी जेवण!"

आजींनी तसेच केले. आधी जेवायच्या, मग गोळी घ्यायच्या. पंधरा दिवस गेले. छातीतली जळजळ काही थांबेना. एक दिवस त्या वर्गात म्हणाल्या, "गुरुजी, या औषधाला काही गुण नाही बघा." आम्ही चिठ्ठी पाहिली. गोळी जेवणाआधी घ्यायची होती. आजी ती जेवणानंतर घेत होत्या.

आता सांगा मंडळी, चूक कोणाची? नातवाला दोन्ही शब्दांचे अर्थ बरोबर ठाऊक होते. आजींनी त्याचे बोलणे नीट ऐकले होते. शब्द दोन्ही खरे, आणि अर्थ मात्र साफ उलटा. असे कसे झाले?

ते कसे झाले, हेच आज आपण पाहणार आहोत.

प्रथम एक गोष्ट बोलून टाकू. या धड्यात आपण इंग्रजी अक्षरे गिरवणार नाही. अक्षरे वाचायला घरात कोणी तरी असतेच. महाराष्ट्रात २००० सालापासून मुलांना पहिलीपासूनच इंग्रजी शिकवू लागले. तेव्हा पोर वाचून दाखवील. पण पोराला औषध ठाऊक नाही, फवारणी ठाऊक नाही, कर्जाचा कागद ठाऊक नाही. तो व्यवहार तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून वाचायचे पोराने आणि अर्थ लावायचा तुम्ही. त्यासाठी इंग्रजी वाक्याची चाल समजली पाहिजे.

इंग्रजी शब्दांचे आपल्याला भय नाही. तिकीट, स्टेशन, डॉक्टर, बिल, कोर्ट, रेशन, पेन, टेबल हे शब्द आपल्या घरी केव्हाच आले आणि घरचेच होऊन बसले. मोटार बंद पडली तर तिचा कोणता पार्ट गेला, हेही आपण इंग्रजीतच सांगतो. पण नीट पाहा. घरी आले ते सगळे वस्तूंचे शब्द. 'बिफोर', 'आफ्टर', 'टिल', 'विथ', 'फ्रॉम', 'नॉट' असले लहान शब्द मात्र वेशीबाहेरच राहिले. आणि इंग्रजी वाक्याचा सगळा भार त्या लहान शब्दांवर असतो. आजींना त्यांनीच फसवले.

आता आपली भाषा पाहू. आपण म्हणतो, घरात, झाडावर, विहिरीतून, मुलाबरोबर, जेवणाआधी. मोठा शब्द पुढे, आणि लहान शब्द त्याच्या मागून त्याला चिकटून चालतो. बैल पुढे आणि शेपूट मागे, तसे. इंग्रजीत याच्या उलट. घरात म्हणायचे तर 'इन द हाऊस'. इन म्हणजे आत, ते पुढे आले. झाडावर म्हणजे 'ऑन द ट्री'. विहिरीतून म्हणजे 'फ्रॉम द वेल'. लहान शब्द पुढे आणि मोठा मागे. बैलाच्या पुढे वेसणीची दोरी असते ना, तसा तो लहान शब्द मोठ्याला ओढीत पुढे चालतो.

म्हणून 'बिफोर फूड' ऐकले की मनात म्हणायचे, हा 'बिफोर' पुढच्या शब्दाला ओढतो आहे. कोणाला? फूडला. म्हणजे जेवणाच्या आधी. नातवाने दोन्ही शब्द आले त्याच क्रमाने मराठीत ठेवले. मराठीत 'आधी जेवण' म्हटले की जेवण पहिले होते. तसेच 'आफ्टर फूड' याचे कोणी 'नंतर जेवण' असे केले, तर तो माणूस गोळी उपाशी पोटी घेईल, आणि काही गोळ्या उपाशी पोटी घेतल्या तर पोटात आग पडते.

मग यावर उपाय काय? उपाय सोपा आहे. इंग्रजी ओळ शेवटून वाचत यायची.

पटत नाही? करून पाहू. पातळ औषधाच्या पुष्कळ बाटल्यांवर लिहिलेले असते, 'शेक वेल बिफोर यूज'. शेक म्हणजे हलवा. वेल म्हणजे चांगले. बिफोर म्हणजे आधी. यूज म्हणजे वापर. आता शेवटून या. यूज, बिफोर, वेल, शेक. वापरण्या, आधी, चांगले, हलवा. वापरण्याआधी चांगले हलवा. एक शब्दही इकडचा तिकडे करावा लागला नाही!

आणखी एक. विषारी औषधाच्या डब्यावर असते, 'कीप आऊट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन'. हे ऐकताना जीभ अडखळते. यातला 'द' सोडून द्या, त्याचे पुढे पाहू. कीप म्हणजे ठेवा. आऊट म्हणजे बाहेर. ऑफ म्हणजे चा, ची, चे. रीच म्हणजे हात पोचेल तेवढी जागा. चिल्ड्रन म्हणजे मुले. आता शेवटून. चिल्ड्रन, ऑफ, रीच, ऑफ, आऊट, कीप. मुलां, च्या, हाता, च्या, बाहेर, ठेवा. मुलांच्या हाताच्या बाहेर ठेवा. इतके लांबलचक वाक्य, पण पाण्यात सावली उलटी दिसते तसे ते मराठीत उलटे उतरले. वर्गात हे फळ्यावर लिहिले, तेव्हा आजी तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे साहेबाची भाषा उलट्या पावलांची की हो!" आता साहेबाला विचाराल तर तो आपलीच पावले उलटी म्हणेल. हिंदी, गुजराती, कानडी या भाषा या बाबतीत आपल्याच चालीच्या आहेत. त्यांतही लहान शब्द मागून येतो.

डब्याचा विषय निघाला आहे तर दोन शब्द जास्त बोलू. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे तो छापावाच लागतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल विष. पिवळा त्याहून थोडे कमी, पण जहालच. मग निळा, मग हिरवा. वरच्या अर्ध्या भागात शब्द असतो. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', म्हणजे विष. लालवर कवटीचे चित्रही असते. निळ्यावर 'डेंजर', म्हणजे धोका. हिरव्यावर 'कॉशन', म्हणजे जपून. हिरवा रंग पाहून पुष्कळांना वाटते, हे निर्धोक असेल. तसे नाही. हिरवा म्हणजे बाकीच्यांहून कमी विषारी, एवढेच. हात, तोंड, पंप धुण्याची काळजी तिथेही हवीच.

आता शेवटून वाचण्याला दोन अपवाद आहेत. ते न सांगता पुढे गेलो तर आमच्यावर दोष येईल.

पहिला असा. काही शब्द जोडीने बांधलेले असतात. 'कोल्ड वॉटर' म्हणजे थंड पाणी. येथे इंग्रजीतही थंड आधी आणि पाणी मागून. मराठीतही तसेच. 'वन टॅब्लेट' म्हणजे एक गोळी, 'धिस टॅब्लेट' म्हणजे ही गोळी. अशी जोडी सोडवायची नाही. कडब्याची पेंढी उचलतो तशी बांधलेली उचलायची आणि उलटी न करता ठेवायची.

दुसरा असा. काम करणारा माणूस आपल्या जागी पहिलाच राहतो. 'रामा ड्रॉज वॉटर फ्रॉम द वेल.' रामा पहिला. त्याला तिथेच राहू द्या. उरलेले शेवटून वाचा. वेल, फ्रॉम, वॉटर, ड्रॉज. विहिरीतून पाणी काढतो. रामा विहिरीतून पाणी काढतो. झाले.

आता नकार पाहू. यात जिवाचा प्रश्न असतो. मराठीत नाही, नको, नका हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात. म्हणून आपले कान शेवटी टवकारलेले असतात. इंग्रजीत 'नॉट' सुरुवातीलाच येऊन जातो. 'डू नॉट टेक धिस टॅब्लेट विथ मिल्क.' शेवटून या. मिल्क, विथ, धिस टॅब्लेट, टेक, नॉट. दुधाबरोबर ही गोळी घेऊ नका. पण ज्याने पहिला 'नॉट' ऐकलाच नाही, त्याला काय उरले? गोळी, दूध, घ्या. तो माणूस मुद्दाम दूध तापवील! त्यातून बोलताना 'डू नॉट' चे 'डोन्ट' होते, 'कॅन नॉट' चे 'कान्ट' होते. नकार एका अक्षराएवढा उरतो. म्हणून पोराला सांगावे, "बाबा, पहिल्यांदा बघ, यात नॉट आहे का? मग बाकीचे वाच."

'ओन्ली' हा शब्दही असाच. ओन्ली म्हणजे फक्त. 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' म्हणजे फक्त बाहेरून लावण्यासाठी. हे बाटलीवर असेल तर ते औषध पोटात घ्यायचे नाही. औषध विषारी आहे असे तिथे शब्दात लिहिलेले नसले, तरी त्या एका 'ओन्ली'त ते आले.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कधी कधी नुसती अक्षरे असतात, आणि ती पोरालाही कळत नाहीत. त्यात पोराचा दोष नाही. कारण ते इंग्रजी नव्हेच. लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतली ती आद्याक्षरे आहेत. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. 'बीडी' म्हणजे दोनदा. ही ओढायची विडी नव्हे! 'टीडीएस' म्हणजे तीनदा. 'एचएस' म्हणजे झोपताना. 'एसओएस' म्हणजे त्रास झाला तरच. 'एसी' म्हणजे जेवणाआधी आणि 'पीसी' म्हणजे जेवणानंतर. काही डॉक्टर १-०-१ असे लिहितात. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे मात्र आपल्याला चांगले कळते. तरीही शंका राहिली तर औषधाच्या दुकानात विचारावे, लाजू नये.

येथे कोणी विचारील, इंग्रजीत शब्दांच्या जागेला एवढे महत्त्व का? त्याचे उत्तर मोठे मजेचे आहे. आपण म्हणतो, वाघाने शेळी मारली. तेच उलटे करू. शेळी वाघाने मारली. मारली वाघाने शेळी. कसेही फिरवा, मरते शेळीच. कारण वाघाला 'ने' लागला आहे. तो वाघ वाक्यात कुठेही उभा राहिला तरी आपल्याला ओळखू येतो. आता इंग्रजीत पाहा. 'द टायगर किल्ड द गोट' म्हणजे वाघाने शेळी मारली. आणि 'द गोट किल्ड द टायगर' म्हणजे शेळीने वाघ मारला! शब्द तेच. फक्त जागा बदलल्या, आणि वाघाचा जीव गेला. इंग्रजीत जो पुढे उभा तो मारणारा आणि जो मागे उभा तो मरणारा.

पूर्वी असे नव्हते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही शब्दांना आपल्यासारखी शेपटे होती. ती हळूहळू झिजून गेली. मग कोण करणारा आणि कोणावर केले, हे ओळखायचे कसे? जागेवरून. तेव्हापासून जागा पक्क्या झाल्या. जुन्या शेपटांची खूण अजून काही शब्दांत दिसते. 'ही' म्हणजे तो, आणि 'हिम' म्हणजे त्याला. 'शी' म्हणजे ती, आणि 'हर' म्हणजे तिला.

आता कागदाकडे वळू. औषधात चूक झाली तर पोट दुखते. कागदात चूक झाली तर जमीन दुखावते.

आपला 'पर्यंत' हा शब्द मोठा भोळा आहे. तो दोन कामे करतो. 'दहा तारखेपर्यंत पैसे भरा' आणि 'दहा तारखेपर्यंत इथे राहा', दोन्हींकडे पर्यंतच. इंग्रजीत यांना दोन शब्द आहेत. पैसे एकदाच भरायचे, पण दहा तारीख उलटता कामा नये, तेव्हा 'बाय'. रोज राहायचे, ते दहा तारखेला थांबायचे, तेव्हा 'टिल'. 'पे बाय द टेन्थ.' 'स्टे टिल द टेन्थ.' आणि 'बिफोर द टेन्थ' असेल तर जपा. बिफोर म्हणजे आधी. त्यात दहा तारीख धरत नाहीत. नवव्या तारखेलाच काम उरकावे. 'ऑन ऑर बिफोर द टेन्थ' असेल तर दहा तारीख चालते, कारण ऑन म्हणजे त्या दिवशी, आणि ऑर म्हणजे किंवा. ऑन आणि ऑर, दोन अक्षरांचे शब्द, पण त्यांनी एक दिवस वाढवून दिला.

नोटिशीत असते, 'विदिन सेव्हन डेज फ्रॉम द डेट ऑफ धिस नोटीस'. आपली युक्ती लावा. ह्या नोटिशीच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत. पाहिलेत? दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजायचे आहेत. ती तुमच्या हाती पडली त्या दिवसापासून नव्हे. पोस्टाने यायला चार दिवस लागले असतील, तर तुमच्या हाती तीनच उरतात. दुसऱ्या एखाद्या नोटिशीत 'फ्रॉम द डेट ऑफ रिसीट' असेल. रिसीट म्हणजे मिळणे. मग मात्र मिळाल्या दिवसापासून मोजायचे. म्हणून 'फ्रॉम' च्या पुढे काय आहे, ते पोराकडून दोनदा वाचून घ्यावे.

औषधाच्या पाकिटावर 'एक्सपायरी' म्हणून महिना आणि साल छापलेले असते. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते औषध चालते. पुढे नाही.

कर्जाच्या कागदात दोन शब्द वरचेवर भेटतात, 'मे' आणि 'शॅल'. मे म्हणजे वाटले तर करील. शॅल म्हणजे करावेच लागेल. आम्ही असे कागद पुष्कळ वाचले आहेत. बहुधा कर्ज घेणाऱ्याच्या वाट्याला शॅल येतो आणि देणाऱ्याच्या वाट्याला मे. भरावेच लागेल तुम्ही, आणि सवलत वाटली तर देतील ते. हे समजूनच सही करावी.

नवराबायकोचे बँकेत एकत्र खाते असते, तिथेही एक लहान शब्द बसलेला असतो. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे असेल तर दोघांपैकी कोणीही एकट्याने पैसे काढू शकतो, आणि एक गेला तर मागे राहील तो काढू शकतो. 'जॉइंटली' असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. बायांनो, आपल्या पासबुकावर यातले काय आहे, ते घरी जाऊन जरूर पाहा.

वेळेचेही असेच आहे. 'क्वार्टर टू टेन' म्हणजे दहाला पाव तास कमी, पावणेदहा. 'क्वार्टर पास्ट टेन' म्हणजे दहा वाजून पाव तास गेला, सव्वादहा. 'हाफ पास्ट टेन' म्हणजे साडेदहा. आणि 'टेन टू फाइव्ह' कोणी म्हटले तर तो काय सांगतो आहे ते पाहा. कचेरीची वेळ सांगत असेल तर दहा ते पाच. घड्याळ पाहून सांगत असेल तर पाचला दहा मिनिटे कमी! आपला 'परवा' मात्र इंग्रजांना चकवतो. गेला परवा आणि येणारा परवा, दोन्ही आपल्याला एकच. इंग्रजीत गेल्या परवाला 'डे बिफोर यस्टर्डे' म्हणतात, म्हणजे कालच्या आधीचा दिवस. येणाऱ्याला 'डे आफ्टर टुमॉरो', म्हणजे उद्याच्या नंतरचा दिवस. तेच आपले बिफोर आणि आफ्टर.

आता बोलण्यातला एक खड्डा दाखवतो. यात शिकलेली माणसेही पडतात.

समजा, तुमच्या मुलाचे शहराच्या इस्पितळात ऑपरेशन आहे. भूल द्यायची म्हणजे पोट रिकामे हवे. पोटात अन्न असले तर भुलीत उलटी होऊन ते फुप्फुसात जाण्याचे भय असते. डॉक्टर दुसऱ्या प्रांतातले. त्यांना मराठी येत नाही. ते इंग्रजीत विचारतात, "ही हॅज नॉट ईटन?" म्हणजे, याने काही खाल्ले नाही ना? तुम्ही मराठी चालीने म्हणता, "यस." तुमच्या मनात काय? होय, बरोबर, नाही खाल्ले. पण इंग्रजीची चाल वेगळी. इंग्रजीत हो किंवा नाही हे विचारणाऱ्याच्या म्हणण्याला नसते. ते घडलेल्या गोष्टीला असते. खाल्ले असेल तर यस. खाल्ले नसेल तर नो. मग प्रश्न कसाही विचारलेला असो. तेव्हा इंग्रजीच्या चालीने ऐकणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या 'यस' चा अर्थ, होय, खाल्ले आहे, असा वाटेल. आपल्या देशातले डॉक्टर आपल्यासारखेच बोलत असले तर ते तुमच्या मनातले ओळखतीलही. पण ओळखतील की नाही, यावर मुलाचा जीव कशाला टांगायचा?

म्हणून नुसते यस किंवा नुसते नो म्हणून थांबू नये. पुढे गोष्ट सांगून टाकावी. "नो, ही हॅज नॉट ईटन." एवढे साधले नाही तर "नो फूड" म्हणावे. तेवढे पुरे. आणि खाल्ले असेल तर लपवू नये. "यस, ही एट. टेन ओक्लॉक." पोलीस चौकीत, कोर्टात, साहेबापुढेही असेच करावे. "तुम्ही पैसे घेतले नाहीत?" असे कोणी इंग्रजीत विचारले आणि तुम्ही भोळेपणी "यस" म्हणालात, तर ते घेतल्याची कबुली म्हणून लिहिले जाऊ शकते.

डॉक्टरांशी बोलताना आणखी एक अडचण येते. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण असे तीन मान आहेत. इंग्रजीत एकच 'यू'. वर्गातले एक दादा म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाला यू कसं म्हणायचं हो? तू म्हटल्यासारखं वाटतं." संकोच नको. यू हे मुळात तू नव्हेच. ते तुम्ही आहे. पूर्वी इंग्रजीत तू साठी वेगळा शब्द होता, 'दाऊ'. तो रोजच्या बोलण्यातून केव्हाच गेला आणि तुम्ही तेवढे उरले. म्हणून एकट्या माणसालाही 'यू आर' म्हणतात, 'यू इज' म्हणत नाहीत. आपण एकट्या वडिलांना 'तुम्ही आहात' म्हणतो, तसेच ते. तेव्हा इंग्रजीत मुलालाही तुम्ही आणि कुत्र्यालाही तुम्हीच!

बाकी ज्या चुकांना लोक फार भितात, त्या खरे तर किरकोळ आहेत. 'फीव्हर फॉर टू डेज' म्हणावे. पण आपण 'दोन दिवसांपासून' म्हणतो, त्यामुळे तोंडातून 'सिन्स टू डेज' निघते. निघू द्या. डॉक्टर ताप मोजायचे थांबत नाहीत. टेबल ते, खुर्ची ती, दिवा तो, असे आपण वस्तूंनाही बाई आणि पुरुष करतो. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना सरसकट 'इट'. हे दोन दिवसांत अंगवळणी पडते.

मघाशी आपण 'द' सोडून दिला होता. 'द' म्हणजे ज्याविषयी बोलतो आहोत तो, ठरलेला. 'अ' म्हणजे कोणता तरी एक. 'अ बुल' म्हणजे कोणता तरी बैल. 'द बुल' म्हणजे तो, काल बाजारात पाहिलेला. पुढच्या शब्दाचा पहिला आवाज अ, आ, इ, ई असा स्वर असेल तर 'अ' चा 'अॅन' होतो. 'अॅन एग', 'अॅन अंब्रेला'. शाळेतली मुले यासाठी इंग्रजी अक्षरे पाठ करतात आणि तरी चुकतात. कारण हे अक्षरावर नाही, आवाजावर आहे. आपल्या मुळाक्षरांत तर स्वर पहिल्याच ओळीत वेगळे काढून ठेवले आहेत. कानाने ऐका, स्वर आहे का ते पाहा. यात तुम्ही पोराच्याही पुढे जाल.

त्या आजींचे पुढे काय झाले, ते राहिले. गोळी जेवणाआधी सुरू केल्यावर त्यांची जळजळ कमी झाली. आता घरात काहीही इंग्रजी कागद आला की त्या नातवाला समोर बसवतात. तो वाचतो. आजी बोटांवर शब्द मोजतात आणि करंगळीपासून उलट्या येतात.

घरी करून पाहा.

या ओळी घरातल्या मुलाकडून वाचून घ्या. शब्दांचे अर्थ त्याला विचारा. पण वाक्याचा अर्थ तुम्ही लावा.

'स्टोअर इन अ कूल प्लेस.'

'डू नॉट स्टँड निअर द डोअर.'

'टेक वन टॅब्लेट आफ्टर फूड विथ वॉटर.'

पहिल्याचे उत्तर, थंड जागेत ठेवा. दुसऱ्याचे, दाराजवळ उभे राहू नका. तिसऱ्याचे, पाण्याबरोबर जेवणानंतर एक गोळी घ्या. तुमची उत्तरे अशीच आली का?

आता ही शेवटची चिठ्ठी. हिचे उत्तर आम्ही सांगत नाही. वर्गात या आणि सांगा.

'टेक धिस टॅब्लेट वन अवर बिफोर फूड.'

तुमच्या घरी रात्रीचे जेवण आठ वाजता असेल, तर ही गोळी किती वाजता घ्याल?